ड्रोन चौकीवर पोचेपर्यंत

नागपुरात सध्या ड्रोनचा विषय घरोघरी आहे. इथल्या इकॉनॉमिक एक्स्प्लोझिव्हज कंपनीने बनवलेल्या 'नागास्त्र-१' या स्फोटकं घेऊन लक्ष्यावर आदळणाऱ्या ड्रोनच्या ४८० नगांची मागणी लष्कराने नोंदवली, जून २०२४ मध्ये त्यातले पहिले १२० लष्कराच्या ताब्यात गेले. मे २०२५ च्या ऑपरेशन सिंदूरनंतर तर इंजिनीअरिंग कॉलेजांतल्या निम्म्या पोरांना ड्रोनच बनवायचा आहे. याचा मला मनापासून आनंद आहे. पण ही मुलं आमच्याकडे मुलाखतीला येतात तेव्हा त्यांची एक समजूत पक्की असते. ड्रोन चांगला उडाला की लष्कर घेणार, असं त्यांना वाटतं. आमचा ड्रोन पहिल्याच प्रात्यक्षिकात उत्तम उडाला होता. जवानांच्या रोजच्या वापरात यायला त्यानंतर काही वर्षं लागली. त्या मधल्या वर्षांत काय काय करावं लागलं ते या मुलांसाठी लिहून ठेवतोय.

मी हवाई दलात टेक्निशियन होतो. शेवटची पोस्टिंग मेंटेनन्स कमांडमध्ये, ज्याचं मुख्यालय आपल्या वायुसेनानगरात आहे. निवृत्तीनंतर नागपूर सोडवेना, म्हणून हिंगणा एमआयडीसीतल्या एका छोट्या ड्रोन कंपनीत लागलो. डिझाईन माझ्याकडे नाही. चाचण्या, दुरुस्ती, सुटे भाग, मॅन्युअल आणि जवानांचं प्रशिक्षण हे माझं खातं. त्यामुळे पुढे जे लिहितोय ते त्या बाजूने पाहिलेलं आहे. युनिट, चौकी, अधिकारी यांची नावं लिहिणार नाही आणि यंत्राचे जे तपशील उघड करायचे नसतात तेही नाहीत.

आमचं यंत्र म्हणजे चार पंख्यांचा टेहळणी ड्रोन. दिवसाचा कॅमेरा, रात्रीसाठी थर्मल कॅमेरा, आणि सगळं सामान दोघांनी पाठीवर वाहून न्यायचं. पहिलं प्रात्यक्षिक काटोलकडच्या एका माळावर झालं. हिवाळ्याची सकाळ होती, वारा नव्हता, आभाळ स्वच्छ होतं. ड्रोन चाळीस मिनिटं हवेत राहिला. लांबच्या संत्र्याच्या बागेत फिरणारा माणूस स्क्रीनवर स्वच्छ दिसत होता. आलेले अधिकारी खूश होऊन गेले.

पण त्या सकाळी ड्रोन कोण उडवत होतं? ज्याने त्याचा प्रोग्राम लिहिला तोच मुलगा. शेजारी लॅपटॉप घेऊन दुसरा इंजिनीअर. बॅटऱ्या आदल्या रात्री एकेक तपासून निवडलेल्या, पंखे नवे कोरे, गाडीत दुसरा ड्रोन तयार. सीमेवरच्या लष्करी चौकीवर यातलं काहीच नसतं. तिथे एक हवालदार असतो, एक शिपाई असतो, त्यांच्यासमोर एक पेटी असते आणि जवळात जवळचं वर्कशॉप दीड दिवसाच्या रस्त्यावर.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. अमेरिकेने 'प्रेडेटर' हा टेहळणी ड्रोन १९९४ मध्ये प्रयोग म्हणून हाती घेतला. यंत्र कामाचं आहे का हे चटकन पाहून घ्यायचं, एवढाच त्या योजनेचा हेतू. १९९५ मध्ये तो बोस्नियावर उडूही लागला आणि सगळ्यांना आवडला. मात्र प्रयोगाच्या पैशात सुटे भाग, प्रशिक्षण, मॅन्युअल, देखभालीची साखळी हे काही बसत नव्हतं. ते सगळं नंतर, यंत्र कामावर असतानाच, उभं करावं लागलं. २००१ मध्ये त्यांच्याच संरक्षण खात्याच्या चाचणी विभागाने अहवालात लिहिलं की हे यंत्र प्रत्यक्ष कामगिरीसाठी अजून परिणामकारकही नाही आणि योग्यही नाही. त्यांचा दुसरा ड्रोन 'ग्लोबल हॉक' तर विकास पुरा होण्याआधीच २००१ च्या अखेरीस अफगाणिस्तानच्या कामाला जुंपला गेला, आणि पुढच्या जुलैपर्यंत त्यातली दोन विमानं कोसळली होती. आपल्याकडे 'निशांत' होतं. ट्रकवरच्या यंत्रणेतून हवेत फेकायचं आणि पॅराशूटने उतरवायचं. लष्कराला चार मिळाली, चारही अपघातात गेली आणि २०१५ मध्ये तो विषय बंद झाला. ही सगळी यंत्रं उडणारी होती.

आमची पहिली खरी परीक्षा घेतली ती थंडीने. मागणी होती १५,००० फुटांच्या आसपास चालणाऱ्या यंत्राची, म्हणजे साधारण साडेचार हजार मीटर. त्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या ६३ टक्क्यांच्या आसपास येते. पंख्याला पकडायला हवाच कमी, त्यामुळे तेवढंच वजन तरंगत ठेवायला सुमारे २५ टक्के जास्त शक्ती लागते. चाळीस मिनिटांतली आठ-नऊ मिनिटं तिथेच गेली. उरलेली थंडी खाते. लिथियम बॅटरी गारठली की तिचा आतला रोध वाढतो. मोटरने करंट ओढला की व्होल्टेज धाडकन खाली येतं. बॅटरीत ऊर्जा शिल्लक असते, पण ड्रोनच्या मेंदूला वाटतं की ती संपली, आणि तो आपणहून माघारी फिरतो किंवा असेल तिथे उतरतो.

हे कागदावर सगळ्यांना माहीत असतं. पण नागपुरात बसून उणे वीस अंश आणायचे कुठून? चाचणीची थंड चेंबर मोठ्या प्रयोगशाळांत असतात. तिथे नंबर लावावा लागतो आणि तासाप्रमाणे पैसे मोजावे लागतात. अखेर आमच्या एका टेक्निशियनने वाडीतल्या एका आईस्क्रीम वितरकाची कोल्ड रूम शोधून काढली. आत तापमान उणे अठरा ते उणे वीस. त्या भल्या माणसाने आमच्या बॅटऱ्यांसाठी एक कोपरा मोकळा करून दिला. रात्रभर बॅटऱ्या आत ठेवायच्या, सकाळी स्वेटर-मफलर घालून आत जायचं, तिथेच त्यांना कृत्रिम लोड लावायचा आणि व्होल्टेज लिहून घ्यायचं. बाहेर चाळीस अंश आणि आत आमची बोटं पेनाभोवती वळत नव्हती. सहा सेलची बॅटरी, नाममात्र २२.२ व्होल्टची. लोड दिल्याबरोबर आकडा असा घसरायचा की पहिल्या मिनिटातच धोक्याची घंटा वाजायची. मिनिट-दीड मिनिट तग धरला की बॅटरी स्वतःच्याच उष्णतेने थोडी सावरायची. यातून दोन गोष्टी ठरल्या. बॅटरीची पेटी आतून गरम ठेवायची, आणि धोक्याची मर्यादा नुसत्या व्होल्टेजवर न ठेवता तापमान आणि प्रत्यक्ष खर्च झालेला करंट यांवर ठेवायची. अधिकृत चाचणी पुढे प्रयोगशाळेतच झाली. पण तिथे गेलो तेव्हा आम्हाला उत्तर आधीच माहीत होतं.

तरीसुद्धा खरी गोम कळली ती वर चौकीवर गेल्यावर. तिथला हवालदार बुलढाण्याचा निघाला. मी नागपूरचा म्हटल्यावर त्याने आधी गरम चहा दिला, मग ड्रोनची पेटी उघडून एकेक वस्तू हातात घेऊन पाहिली. ड्रोनकडे फार वेळ पाहिलंच नाही. चार्जर उचलला आणि विचारलं, "साहेब, हे किती वॉटचं आहे?"

मी सांगितलं.

"जनरेटर संध्याकाळी दोन घंटे चालते. त्याच्यात लाईट, वायरलेसच्या बॅटऱ्या, पोरांचे मोबाईल. तुमचं हे लावलं तं बाकी सगळं बंद ठेवा लागते. अन् बंद ठेवलं तं पोरं तुमच्या ड्रोनला शिव्या देतीन."

मी तिथेच वहीत हिशेब मांडला. एक बॅटरी साडेतीनशे वॉट-तासांची. सहा बॅटऱ्या दोन तासांत भरायच्या तर फक्त त्यासाठी हजाराहून जास्त वॉट हवेत, आणि त्या उंचीवर जनरेटरचं इंजिनही विरळ हवेमुळे मैदानातल्याइतकी ताकद देत नाही. शिवाय डिझेल वर चढवायचा खर्च वेगळाच. आमच्या क्यूआरमध्ये, म्हणजे लष्कराच्या मागणीपत्रकात, उंची होती, वेळ होता, पल्ला होता, कॅमेऱ्याची ताकद होती. जनरेटर किती वेळ चालतो हा प्रश्न कुठेच नव्हता.

त्याने आणखी दोन गोष्टी दाखवल्या. बॅटऱ्या रात्री कुठे ठेवणार, असं मी विचारलं तर बुखारीच्या खोलीकडे बोट केलं. बुखारी म्हणजे तिथली केरोसीनची शेगडी. बाकीच्या ठिकाणी सगळं गोठतं, मग बॅटऱ्या तिथेच ठेवल्या जाणार हे उघड होतं. लिथियम बॅटरी आणि उघडी आच एका खोलीत, हा विचार करूनच मला घाम फुटला. दुसरी गोष्ट उड्डाणाच्या जागेची. चौकीवर सपाट जागा म्हणजे बंकरचं पत्र्याचं छप्पर नाहीतर शेजारचा जेरीकॅन रचलेला ओटा. दोन्हीकडे लोखंड. ड्रोनचं होकायंत्र तिथे सुरू केलं की दिशाच चुकीची धरणार. आम्ही मॅन्युअलमध्ये लिहिलं होतं, "धातूच्या वस्तूंपासून दहा मीटर दूर उभे राहा." दहा मीटरवर दरी होती.

परत आल्यावर चार्जर बदलला. आता तो आधी किती शक्ती मिळतेय ते पाहतो आणि तेवढीच ओढतो. एका वेळी दोन बॅटऱ्या उड्डाणाइतक्या भरतो, बाकीच्या मागून. बॅटऱ्यांसाठी आगीला टिकणारी पेटी दिली, तिच्या झाकणावर शेगडीपासून किती लांब ठेवायची हे चित्राने रंगवलं. दिशेसाठी होकायंत्रावरचा भरवसा कमी केला. जीपीएसचे दोन अँटेना बसवून त्यांच्यातून दिशा काढायची सोय केली. या एका भेटीने यंत्रात जेवढे बदल झाले तेवढे वर्षभराच्या आमच्या बैठकांनी झाले नव्हते. तेव्हापासून माझा आग्रह आहे की पहिल्या प्रात्यक्षिकाला अधिकाऱ्यांबरोबर ज्याला ते यंत्र पाठीवर वाहून न्यायचं आहे त्यालाही बोलवा, आणि रिमोट त्याच्या हातात द्या.

उष्णता आणि धूळ यांचा त्रास आम्हाला तुलनेने कमी झाला, कारण नागपूरनेच तयारी करून घेतली. नवतप्यात बंद गाडीत ठेवलेला ड्रोन दुपारी काढून उडवायचा, हा आमचा नेहमीचा पाठ होता. वाळवंटातल्या चाचणीत कंट्रोलरचा स्क्रीन उन्हात दिसत नाही ही तक्रार आली. त्यावर जास्त उजेडाचा स्क्रीन आणि कापडी झडप, एवढ्यावर भागलं.

वजनाचं मात्र भागत नव्हतं. लष्करी सामानाला जेएसएस ५५५५५ या मानकाप्रमाणे हवामान, धक्के, कंपनं यांच्या चाचण्या असतात, आणि मिल-स्टँडर्ड ४६१ प्रमाणे विद्युतचुंबकीय चाचण्या. दुसऱ्या प्रकारात आमच्या मोटरच्या कंट्रोलरमधून निघणारा रेडिओ लहरींचा गोंगाट मर्यादेबाहेर गेला. त्याच गोंगाटामुळे मधूनमधून जीपीएसचे उपग्रह कमी दिसत होते, हेही तेव्हाच उलगडलं. उपाय सोपा होता. तारांवर जाळीचं वेष्टण, फिल्टर, धातूचं कव्हर. पण प्रत्येक उपाय वजनाचा. वजन वाढलं की वेळ घटतो, वेळ घटला की मोठी बॅटरी, मोठी बॅटरी म्हणजे पुन्हा वजन. क्यूआरमधल्या वेळेला आम्ही जेमतेम टेकून होतो. शेवटी आमच्या डिझाईनच्या मुलीने सगळ्या तारांचा मार्गच नव्याने आखला. लांब तारा आखूड झाल्या, दोन कनेक्टर गेले, आणि वेष्टणाचं वजन तिने तिथून वसूल केलं. बाहेरून पाहणाऱ्याला ड्रोन तसाच दिसतो. ते काम तिच्या आयुष्यातलं एक मोठं काम आहे असं मी तिला सांगितलं आहे.

आता ज्या चाचणीबद्दल कॉलेजात कुणीच सांगत नाही तिच्याबद्दल. तिला मेंटेनेबिलिटी ट्रायल म्हणतात. लष्कराच्या ईएमई कोअरचे, म्हणजे यंत्रदुरुस्ती दलाचे, कारागीर तुमचं यंत्र टेबलावर घेतात आणि पार सुटं करतात. कुठला भाग चौकीवर बदलता येईल, कुठला वर्कशॉपमध्ये, कुठला कारखान्यातच परत पाठवावा लागेल, त्याला कुठली हत्यारं लागतील, किती वेळ लागेल, मॅन्युअलमध्ये लिहिलंय तसंच होतं का, हे सगळं ते स्वतः करून पाहतात.

हवाई दलातल्या नोकरीमुळे मला याची धास्ती आधीपासून होती. म्हणून आम्ही आमच्याच शेडमध्ये तालीम घेतली. हिंगण्याजवळच्या गावातला आमचा एक पोरगा आहे, आयटीआय झालेला, हाताला अतिशय स्वच्छ. त्याला जाड हातमोजे घातले आणि सांगितलं, मोटर बदल. ड्रोनला तीन आकारांचे स्क्रू होते, दोन वेगळ्या ॲलन-की लागत होत्या. पहिलाच स्क्रू त्याच्या हातून निसटून टेबलाखाली गेला. तो वर पाहून म्हणाला, "सर, इथं सापडन. बर्फात पडला तं कुठं शोधाव बाप्पा?"

त्या वाक्यावर आम्ही मोटरचा अख्खा दांडा बदलायची पद्धत आणली. मोटर, तिचा कंट्रोलर आणि पंखा हे सगळं एका दांड्यावर बसवलेलं असतं. दांडा एका कनेक्टरवर लागतो, चावी फिरवून घट्ट होतो, आणि त्याचा स्क्रू जागेवरून सुटत नाही, नुसता सैल होतो. चौकीवर सोल्डरिंग अजिबात नाही. मॅन्युअल हिंदीत, प्रत्येक पायरीला चित्र, चित्रातला हातही मोजा घातलेला. प्रत्यक्ष ट्रायलमध्ये एका नाईकने पुस्तक उघडून, आमच्यापैकी कुणालाही न विचारता दांडा बदलला तेव्हा माझा ऊर भरून आला. उड्डाणाच्या कुठल्याही चाचणीत मला तसं झालं नव्हतं.

कागदांचं थोडक्यात सांगतो. सुटे भाग किती लागतील याची उत्पादकाची यादी, दुरुस्तीच्या खास हत्यारांची यादी, चित्रांसह भागांचं पुस्तक, गुणवत्ता तपासणीसाठी डीजीक्यूएचे कागद. यांना वेळ लागतो आणि हे आधीपासूनच करावे लागतात. शेवटी करू म्हटलं तर शेवट येतच नाही.

पैशाबद्दल मात्र स्पष्ट बोललं पाहिजे, कारण तरुण मुलं तिथेच सापडतात. ट्रायल 'नो कॉस्ट नो कमिटमेंट' तत्त्वावर होते. यंत्रं, माणसं, प्रवास, मोडतोड सगळं तुमचं, आणि यंत्र घेऊच असं वचन नाही. संरक्षण क्षेत्रातल्या नव्या छोट्या कंपन्यांसाठी एप्रिल २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयडेक्स या सरकारी योजनेने या क्षेत्रात खूप मोठा फरक पाडला. तिच्यातून दीड कोटीपर्यंत अनुदान मिळू शकतं, पुढच्या योजनांत त्याहून जास्त. त्यातून नमुना उभा राहतो. पण नमुना आणि पहिली ऑर्डर यांच्यामध्ये पगार, भाडं, चाचणी शुल्क, बँकेचे हप्ते चालूच राहतात. आमच्या मालकांनी त्या काळात घर गहाण ठेवलं होतं. हे सगळ्यांनी करावं असं मी म्हणणार नाही. माझं मत असं की प्रयोग यशस्वी झाला हे लष्कराला पटलं की सुरुवातीलाच थोडे नग, त्यांचे सुटे भाग आणि प्रशिक्षणासह, पैसे देऊन घ्यावेत आणि एखाद्या युनिटकडे वर्षभर वापरायला द्यावेत. त्या वर्षात जे कळेल ते कुठल्याच ट्रायलमध्ये कळणार नाही.

आणखी एक अडचण अशी की लष्कराची खरेदी वर्षांत मोजली जाते आणि ड्रोनचे भाग महिन्यांत बदलतात. ट्रायलला दिलेलं यंत्र आणि पुढे पुरवलेलं यंत्र सारखंच असलं पाहिजे, हा नियम रास्त आहे. पण २०२१ च्या चिप टंचाईत ड्रोनच्या मेंदूतला मुख्य प्रोसेसरच बाजारातून गायब झाला होता. दुसरा प्रोसेसर घेतला की सॉफ्टवेअर बदलतं, सॉफ्टवेअर बदललं की चाचण्या पुन्हा. त्यात चिनी भागांचा प्रश्न. फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारने तयार ड्रोनची आयात बंद केली, सुट्या भागांची नाही. त्यामुळे बाहेरून भारतीय दिसणाऱ्या ड्रोनमध्ये आतून काय आहे हा प्रश्न उरलाच, आणि २०२५ च्या सुरुवातीला चिनी भागांच्या कारणावरून लष्कराने ४०० ड्रोनचे, २३० कोटींहून अधिक रकमेचे करार रद्द केले. मला तो निर्णय योग्य वाटतो. सीमेवरच्या यंत्राचं चित्र कुणाच्या सर्व्हरवर जातं हे आपल्याला माहीत असलंच पाहिजे.

पण तो निर्णय पाळणं किती अवघड आहे हेही मी रोज पाहतो. कंट्रोलर बोर्ड आणि रेडिओ आम्ही आता इथेच बनवतो. मोटरची गुंडाळणी इथे होते. मोटरमधलं चुंबक मात्र दुर्मीळ मूलद्रव्यांचं, आणि त्या साखळीचा मोठा हिस्सा चीनच्या हातात. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी त्यातल्या सात मूलद्रव्यांच्या निर्यातीवर नियंत्रण आणलं तेव्हा आमच्या स्टोअरमधला चुंबकांचा साठा मी स्वतः मोजून आलो. दुसऱ्या देशातला पुरवठादार मिळाला, दर जास्त आहे, आणि त्या चुंबकाच्या मोटरची चाचणी आम्ही नव्याने केली.

जॅमिंगचा, म्हणजे शत्रूने रेडिओ सिग्नल दाबून टाकण्याचा, विषय सुरुवातीच्या क्यूआरमध्ये दोन ओळींत होता. युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि तोच सगळ्यात मोठा विषय होऊन बसला. जीपीएस दाबलं की ड्रोनला उंची राखता येते, जागा राखता येत नाही. वारा नेईल तिकडे तो जातो. खोटा सिग्नल दिला तर तो स्वतःला भलतीकडेच समजतो. खालच्या कॅमेऱ्याने जमिनीची हालचाल पाहून जागा धरायची हा एक उपाय आहे. आपल्याकडच्या काळ्या रानात तो सुरेख चालतो, कारण ढेकळं, धुरे, झाडं अशा खुणा असतात. ताज्या बर्फावर खूणच नसते. सगळं पांढरं. वाळूच्या सपाट पट्ट्यावरही तेच. म्हणून थर्मल कॅमेरा, ड्रोनची स्वतःची हालचाल मोजणारे जडत्व सेन्सर आणि जमिनीचा आधीचा नकाशा यांची सांगड घालावी लागली, आणि ते काम संपलेलं नाही.

यात छोट्या कंपनीची एक गोची आहे. जॅमर सरकारी परवानगीशिवाय बाळगता किंवा चालवता येत नाही, आणि तसंच असायला हवं. विमानतळ शहरात असताना कुणी जीपीएस दाबत बसला तर अनर्थ होईल. पण मग ड्रोन जॅमरसमोर टिकतो का हे पाहायचं कुठे? आम्ही शेडमध्ये अँटेना झाकून, सॉफ्टवेअरमधून सिग्नल तोडून सराव करतो. खरं जॅमिंग लष्कराच्या रेंजवर, त्यांच्या तारखेलाच अनुभवायला मिळतं. तिथे एका दिवसात जे दिसतं ते घेऊन परत यायचं आणि पुढची तारीख मिळेपर्यंत त्यावर काम करायचं. ठरावीक दिवशी छोट्या कंपन्यांना खुली असलेली सरकारी जॅमिंग रेंज विदर्भात झाली तर इथल्या कितीतरी कंपन्यांची वर्षं वाचतील. आपल्याकडे मोकळं रान आहे, आयुध निर्माण्या आहेत, कामठीची लष्करी छावणी आहे, हवाई दल आहे.

ऑर्डर मिळाल्यानंतर उत्पादनाने वेगळाच धडा दिला. नमुने इंजिनीअरांनी हाताने जोडले होते आणि ते एकाच माणसाच्या हातचे होते. उत्पादनात प्रत्येक ड्रोनचं कंपन थोडं वेगळं येऊ लागलं. एकेका तारेच्या टोकावरचा क्रिंप, म्हणजे धातूचा जोड, कितपत दाबलाय, दांड्याची चावी किती जोराने आवळलीय, यावर सगळं अवलंबून. वायर हार्नेसचं, म्हणजे तारांची जुडगी बांधायचं, काम आता आमच्याकडे हिंगणा आणि डिगडोहच्या बायका करतात. त्यातल्या एक ताई पूर्वी गाड्यांच्या हार्नेसच्या कारखान्यात होत्या. त्या क्रिंप केलेली तार ओढून पाहतात आणि किती जोराला निसटली ते वहीत लिहितात. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आज ती वही आमच्या गुणवत्ता पद्धतीचा भाग आहे, आणि तपासणीला आलेल्यांनी सगळ्यात आधी तीच मागवली.

प्रशिक्षणाला येणाऱ्या जवानांबद्दल लिहावं तेवढं थोडं. त्यातल्या अनेकांनी याआधी ड्रोन हातात धरलेला नसतो, पण आठवड्याभरात ते आमच्या पायलटपेक्षा सावध होतात. वाऱ्याचा अंदाज त्यांना आमच्या ॲपपेक्षा चांगला असतो. अडचण वेगळीच आहे. दोन-अडीच वर्षांत पोस्टिंग बदलते आणि शिकलेला माणूस दुसरीकडे जातो. म्हणून आता प्रत्येक तुकडीतल्या दोघांना आम्ही शिकवायलाही शिकवतो, आणि पेटीत एक सिम्युलेटर देतो, म्हणजे ड्रोन न उडवता नव्या माणसाचा हात बसेल.

सध्या माझ्या टेबलावर वापरणाऱ्या युनिटकडून आलेली सुधारणांची यादी आहे. कंट्रोलरचं बटण मोज्यातून दाबलं गेलं की नाही ते कळत नाही, त्याला खटका हवा. पेटीचे पट्टे उतारावर खांद्याला काचतात. थर्मल चित्रात पहाटेच्या वेळी दगड आणि माणूस एकसारखे दिसतात. पहिल्या दोन गोष्टी शेडमध्ये तयार आहेत आणि बदलाच्या मंजुरीचे कागद गेले आहेत. तिसरीवर सॉफ्टवेअरची मुलं बसली आहेत, त्यासाठी खऱ्या पहाटेची चित्रं हवीत आणि ती चौकीवरूनच येणार. बर्फाने रस्ता बंद व्हायच्या आत नवे कंट्रोलर वर पोचवायचे आहेत, म्हणजे दिवाळीच्या आधी इथून निघायला हवेत.